मृदंगाचे वय कसे ओळखावे?

१/ नारायणगड आणि गहिनीनाथगड ही बीड जिल्ह्यातील वारकऱ्यांची मोठी श्रद्धास्थाने. या मुलखात सप्ताह बसला की वीणा, टाळ आणि मृदंग आलेच. कीर्तनकाराचे नाव फलकावर झळकते, मृदंगाचार्यांचाही उल्लेख होतो. मृदंग कोणी घडवला, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. जुन्या मृदंगावर बहुधा कारागिराचे नाव नसते, सालही नसते. मग त्याचे वय ओळखावे कसे?

२/ पहिली खूण गठ्ठ्यांची. पारंपरिक मृदंगाच्या दोन पुड्या चामड्याच्या वादीने एकमेकींशी आवळलेल्या असतात आणि वादीखाली लाकडी गठ्ठे बसवलेले असतात. शाईच्या पुडीपासून गठ्ठा दूर ठोकला की वादी ताणते, सूर चढतो. वर्षानुवर्षे गठ्ठे एकाच पट्ट्यात सरकत राहिले, तर तेथील लाकूड घासून गुळगुळीत होते. आठांपैकी दोनच गठ्ठे वेगळ्या लाकडाचे दिसले, तर ते मागाहून बसवलेले असण्याचा संभव अधिक.

३/ दुसरी खूण लोखंडाची. नटबोल्टच्या मृदंगात वादीची जागा लांब सळया घेतात आणि हातोडीची जागा पाना घेतो. सोय मोठी आहे: पावसाळी हवेत वादी सैलावते, सळई सैलावत नाही. मात्र नटबोल्ट दिसला म्हणून वाद्य नवे ठरत नाही. जुन्याच खोडावर नवा साज चढवता येतो. अशा वेळी सळयांखाली गठ्ठ्यांचे जुने चट्टे सापडू शकतात.

४/ तिसरी खूण आतली. पुडी उतरवली की खोडाचा पोकळ भाग दिसतो. हाताने कोरलेल्या लाकडावर पटाशीचे तुटक, असमान घाव असतात. यंत्रावर फिरवलेल्या लाकडावर एकसारखी वर्तुळे उमटतात.

५/ म्हणून एका मृदंगात तीन काळ एकत्र नांदतात. खोड पिढ्यान्‌पिढ्या टिकते, वादी त्याहून कमी, पुडी सर्वांत कमी. ‘हा मृदंग किती जुना?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘यातले काय किती जुने?’ असे विचारावे लागते.

६/ कारखान्यात बनलेल्या वाद्यांनाही हाच नियम लागू पडतो. शिकागोच्या लुडविग कंपनीने १९६०च्या दशकात आपल्या ड्रमवर क्रमांकाच्या पट्ट्या लावल्या. पण त्या काटेकोर क्रमाने लागल्या नाहीत. त्यामुळे जाणकार केवळ क्रमांकावर विसंबत नाहीत. आतला तारखेचा शिक्का आणि धातूचे सुटे भागही ताडून पाहतात.

७/ येथे प्रश्न केवळ छंदाचा नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांबीची पासोडी जपली गेली, कारण त्या कापडावर अक्षरे आहेत. मृदंगावर अक्षरे नाहीत. जनावराचे कातडे सोलणारे आणि कमावणारे हात समाजाने अस्पृश्य ठरवले. त्या कातड्याचा मृदंग मात्र देवापुढे वाजत राहिला. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. कातडे आत आणि ते कमावणारा बाहेर, हा विरोधाभास कोणत्याही शिलालेखात कोरलेला नाही. त्या हातांचा पुरावा वादीच्या पिळात आणि पुडीच्या विणीत आहे.

८/ आणि दुरुस्तीच्या दिवशी नेमका तोच कचऱ्यात जातो. गावाने नटबोल्ट बसवू नये, असे कोणी म्हणणार नाही. वाद्य वाजण्यासाठीच असते. परंतु जुना साज उतरवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, गठ्ठे मोजावेत, चट्ट्यांची जागा टिपावी, खोडाच्या आत डोकावावे आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे नाव, त्याच्या संमतीने, तारखेसह वहीत लिहावे. पुढच्या पिढीला निदान एका मृदंगाच्या बाबतीत तरी अंदाज बांधावा लागणार नाही.