तुकोबांचा वर्गांक

चाकणच्या कुठल्याही कारखान्याच्या स्टोअरमध्ये ‘६२०५’ म्हटलं की बेअरिंग हातात पडतं. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. कंपनी कुठलीही असो, माप तेच. क्रमांकावर भरवसा ठेवायची या पट्ट्याला सवय आहे आणि ती चांगलीच सवय आहे. त्यामुळे ग्रंथालयाच्या तालिकेचं बोलणं निघालं की इथे हमखास ऐकू येतं, बारकोड लावा, संगणकावर चढवा, विषय संपला.

पण देहू इथून जवळ आहे. तुकोबांची गाथा कुठल्या कपाटात ठेवायची? ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ला, हिंदू धर्म २९४.५ला. मराठीचा विद्यार्थी एकीकडे शोधणार, वारकरी दुसरीकडे. प्रत एक, म्हणून जागा एक. नोंदी मात्र हव्या तितक्या करता येतात. तालिकाकाराची विद्या पणाला लागते ती इथे. एका ग्रंथाला अनेक पैलू असतात, हे धरूनच ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडलं.

कार्ड की संगणक, हे भांडण आता मिटलं. जगभरच्या ग्रंथालयांना छापील कार्डं पुरवणाऱ्या ओसीएलसीने २०१५ साली ती छपाई थांबवली. बरंच झालं. आजचा वाद निराळा आहे: तयार नोंदी उतरवून घ्यायच्या की आपण करायच्या? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत ज्ञानेश्वर रोमन लिपीत, ‘ज्ञानदेव’ म्हणून बसलेले आहेत. ती तशीच उतरवली, तर देवनागरीत ‘ज्ञानेश्वर’ शोधणाऱ्याच्या पदरी काय पडणार? शाळेत शेवटी शिकलेला ‘ज्ञ’ युनिकोडच्या निव्वळ क्रमात ‘ज’च्या पोटात जातो, ‘ळ’ येतो ‘ल’च्या पाठोपाठ. हे दुरुस्त करता येतं, करणारा हवा.

शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ची मराठी ग्रंथसूची १९४३ साली काढली. १९५०पर्यंतचा पुढचा खंड १९६१ला आला. संगणक नसताना. तो असता तर त्यांनी आनंदाने वापरला असता, असं मला वाटतं. ग्रंथ ओळखायचं काम मात्र त्याच्यावर सोपवलं नसतं.

रात्रपाळी उतरलेला, लातूरकडून आलेला एखादा कंत्राटी कामगार ग्रंथालयाच्या खिडकीशी येऊन म्हणेल, “कामगारांवरचं काहीतरी द्या.” नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ त्याच्या हाती पडायला हवं. १९६६चा हा संग्रह, पण नावात ना कामगार, ना गिरणी. त्यात कवितेला विषयशीर्षक द्यायचा फारसा रिवाज नाही. ‘मराठी कविता’ एवढ्यावर नोंद पुरी होते. ‘कामगारजीवन’ हा एक शब्द जोडला की तो माणूस त्या पुस्तकापर्यंत पोचतो. नवी यंत्रं असे शब्द सुचवतील, जरूर सुचवोत. पण ते तपासणारा त्या खिडकीत उभा राहिलेला असावा, आणि त्याला त्यासाठी कामाचे तास मिळावेत. आपल्याकडे १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांप्रमाणे अनुदान आहे. त्यातून कर्मचाऱ्यांच्या हाती जे पडतं त्यात घर चालत नाही. नव्या संगणकाच्या मागणीआधी मी घर चालेल अशा पगाराची मागणी करीन.