उतरताना जप

सांगली

चि. दत्तास,


कराडच्या मालधक्क्यावर हमालांच्या टोळीत लागलास, असं अक्का म्हणाली. मार्केट यार्डात हळदीच्या टोळ्यांचे हिशेब लिहिताना मी जे पाहतो, ते सांगून ठेवतो.

पाठीवर पोतं असताना माणूस सहसा पडत नाही. सगळा जीव पायात असतो. पडतो तो पाठ मोकळी झाल्यावर. फाळका पाडला तरी गाडीला शिडी नसते, मग चाकावर पाय देऊन उडी. नाहीतर थप्पीच्या माथ्यावर दोर आवळत असताना खालून कुणीतरी ओरडतं, “थोडी पुढं घे!” आणि ड्रायव्हर वर न बघता गाडी हलवतो. मालगाडीचा रेक लागला की हे जास्त, कारण वेळेत खाली झाला नाही तर व्यापाऱ्याला डेमरेजचा दंड बसतो. पूर्वी तागाच्या पोत्यावर पाय धरायचा. खताची पोती आता प्लॅस्टिकची, पावसात साबणासारखी. क्विंटलाचं पोतं 50 किलोवर आलं, युरियाचं तर 2018 पासून 45 वर. ओझं उतरलं, थप्पीची उंची तेवढीच राहिली, आणि ती कमी करायला कुणी भांडत नाही.

कुणी पडलाच, तर दवाखान्यात “घरात घसरलो” म्हणू देऊ नकोस. पोलिसांची कटकट नको म्हणून मुकादमच तसं सांगायला लावतात. केसपेपरवर कामावर, गाडीवरून पडल्याचं आलं पाहिजे. मग भरपाई मागितली की व्यापारी वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, तो गाडीमालकाकडे. पण कंत्राटदाराच्या माणसाची भरपाईही काम देणाऱ्या मूळ मालकाकडून मागता येते, ही तरतूद 1923 च्या कायद्यापासूनची आहे. दावा दोन वर्षांच्या आत टाकायचा. माणूस तीन दिवसांत कामावर परतला तर मात्र काही मिळत नाही.

तुमच्या पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केलं, आणि 1969 साली हमालांसाठी कायदा झाला. अण्णासाहेबांचा फोटो धक्क्याधक्क्यावर असतो. टोळीतल्या सगळ्यांची नावं मात्र माथाडी मंडळाच्या वहीत असतातच असं नाही. तुझं आहे का, ते मुकादमाला विचार. त्यानं टाळाटाळ केली तर अक्काच्या फोनवर कळव. मी रविवारी येतो, दोघं मिळून विचारू.

तुझा,
मामा