उत्तरं शिकून निघावं

जकार्ताच्या गंबीर स्टेशनातून निघालेली गाडी चिरेबोन सोडून दक्षिणेला वळली. शेजारच्या आजींनी डबा उघडला आणि विचारलं, "सुदाह माकान?" जेवलीस का? "सुदाह, इबू," मी म्हटलं. मग कुठून आलीस, कुठं निघालीस, मुलं किती, अशी चौकशी सुरू झाली. योग्यकार्त्याला उतरल्यावर 'गुडेग' खायचंच, असं त्यांनी बजावलं. कोवळा फणस नारळाच्या दुधात, गूळ घालून तासन्‌तास शिजवायचा. फणसाची भाजी आमच्याकडेही करतात हे सांगितल्यावर तर गप्पांना ऊतच आला.

इंडोनेशियाला जायचं ठरलं तशी मी रोज थोडी बहासा इंडोनेशिया शिकू लागले. प्रवाशांसाठीच्या पुस्तकांत बहुतेक प्रश्नच असतात: स्टेशन कुठं आहे, खोली मिळेल का, केवढ्याला दिलं? जावात मात्र पहिला प्रश्न समोरून येतो. म्हणून मी उत्तरंही पाठ केली. हाक मारायची रीतही शिकले: वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक', बाईला 'इबू', तरुणाला 'मास', तरुणीला 'म्बाक'. मोठ्या माणसाला नुसतं नावानं पुकारणं तिथंही उद्धटपणाचंच.

सुरुवातीला ही भाषा भराभर येते. लिपी रोमन, नामांना लिंग नाही, क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. आधी 'सुदाह' लावलं की काम झालेलं, 'अकान' लावलं की व्हायचं. शिवाय शिकणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. मला वाटतं, त्याचं मूळ इतिहासात आहे. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या परिषदेत एका राष्ट्राची एक भाषा म्हणून बहासा इंडोनेशियाची शपथ घेतली गेली. सर्वांत जास्त लोकांची बोली जावानीज होती, तरी निवड झाली ती बंदराबंदरांत व्यापाराला चालणाऱ्या मलाय भाषेवर उभ्या राहिलेल्या भाषेची. आजही कितीतरी घरांत बोली वेगळी असते आणि बहासा शाळेत शिकलेली. दुसऱ्याची भाषा शिकताना काय होतं, हे त्यांना ठाऊक असतं.

योग्यकार्त्यात मालिओबोरो रस्त्याजवळच्या बेरिंगहार्जो बाजारात आकडे कामी आले. "तुजूह पुलूह लिमा," मेणानं नक्षी काढून रंगवतात ते बाटिक कापड विकणारी बाई म्हणाली. पंचाहत्तर, म्हणजे पंचाहत्तर हजार रुपिया. 'हजार' बोलण्यात गाळतात. "तुलिस?" हातानं काढलेलं का, मी विचारलं. तिनं मान हलवली आणि कापड उलटं केलं. मागची बाजू फिकट होती, म्हणजे यंत्रावरची छपाई. मग आतून दुसरं कापड काढून तिनं दोन्ही बाजू दाखवल्या. रंग दोन्हीकडे सारखाच गडद, मेणाला तडे गेले तिथं रंगाच्या बारीक रेषा उमटलेल्या. ते कापड बरंच महाग होतं, पण मी तेच घेतलं.

योग्यकार्त्याजवळच्या प्रांबानानला नवव्या शतकातली देवळं आहेत. सत्तेचाळीस मीटर उंच शिवमंदिराच्या कठड्यावर आतल्या अंगानं रामायण कोरलं आहे. तिथं एक आजोबा नातवाला एकेक प्रसंग दाखवत होते. "पाक, बोलेह इकुत?" मीही येऊ का, असं विचारलं. ते हसले आणि माझ्यासाठी सावकाश बोलू लागले. सीताहरणाच्या शिल्पापाशी त्यांनी जटायूकडे बोट केलं. इथं सीता आपली अंगठी जटायूला देते आणि तो ती रामापर्यंत पोहोचवतो. लहानपणापासून ऐकलेल्या रामायणात मला हे कधी भेटलं नव्हतं. आमच्याकडे रामाची अंगठी घेऊन मारुती लंकेत जातो, हे मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. तेही आम्हाला माहीत आहे, म्हणत आजोबांनी नातवाला मारुतीची गोष्ट सांगायला लावली. पोरानं ती उड्या मारत सांगितली.

ही माहिती पुस्तकातही मिळाली असती, ही संगत मिळाली नसती. परदेशी निघताना शंभर शब्द शिकणार असाल तर निम्मे उत्तरांसाठी ठेवा: आपण कुठले, घरी कोण असतं, काय शिजतं, कुठल्या गोष्टी ऐकत मोठे झालो. आपल्याला लोक विचारतात ते आपल्याविषयी जाणून घ्यावंसं वाटतं म्हणून. त्यांच्याच भाषेत दोन शब्दांचं उत्तर तयार ठेवणं म्हणजे त्या आपुलकीचा मान राखणं आहे.