वाऱ्याने नेलेला पाऊस

वेधशाळेतील उपकरणांत पर्जन्यमापक हे सर्वांत साधे. त्यात पारा नाही, काटा नाही. एक नरसाळे, त्याखाली पाणी साठवणारे भांडे आणि रेघा आखलेले काचेचे मोजपात्र, एवढाच त्याचा संसार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, पाऊस मोजण्यासाठी कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, रुंद तोंडाचे कुंड ठेवावे असे सांगितले आहे. ते कुंड आणि आजचे पर्जन्यमापक यांचे कूळ एकच. भांडे उघड्यावर ठेवावे आणि त्यात पडेल ते पाणी मोजावे. इतक्या सरळ कामात चूक होण्यास वाव तो कोठे?

लंडनमधील विल्यम हेबर्डेन या वैद्याला असाच प्रश्न पडला होता. 1766 च्या जुलैपासून वर्षभर त्याने तीन पर्जन्यमापके ठेवली: एक बागेत जमिनीलगत, दुसरे घराच्या छपरावर आणि तिसरे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या उंच चर्चच्या मनोऱ्यावर. वर्षअखेर बागेतल्या भांड्यात सुमारे 22.6 इंच पाऊस भरला, छपरावरच्या भांड्यात 18.1 इंच, तर मनोऱ्यावर अवघा 12.1 इंच. आकाश एकच, ढग तेच. मग मनोऱ्यावर निम्माच पाऊस कसा? खाली येता येता थेंब हवेतील बाष्प टिपून मोठे होत असावेत, असे काही विद्वानांना वाटले. खुद्द हेबर्डेनला विजेचा संशय आला. उत्तर पुढे 1861 मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी दिले. अर्थशास्त्रज्ञ म्हणून नंतर नावाजलेले हेच ते जेव्हन्स. त्यांनी बोट दाखवले ते वाऱ्याकडे.

वाऱ्याने पाऊस तिरपा होतो म्हणून भांड्यात कमी पडतो, अशी समजूत सर्रास आढळते. ती खरी नाही. वारा थेंबाला आडवा ढकलतो. पण एका जागेवरचे जितके थेंब पुढे जातात, तितकेच मागून येऊन त्यांची जागा घेतात. आडव्या तोंडाच्या भांड्याला त्यामुळे काही उणे पडू नये. उणे पडते ते भांडे स्वतःच वाऱ्याच्या वाटेत उभे राहते म्हणून. नदीच्या प्रवाहात दगड आला की पाणी त्याच्यावरून उसळून जाते, तसा वारा भांड्याला अडून वर उचलला जातो आणि तोंडावरून अधिक वेगाने वाहू लागतो. टपोरे थेंब आपल्या भाराने तो प्रवाह भेदून आत पडतात. भुरभुर पावसाचे बारीक थेंब मात्र नेमके भांड्याच्या तोंडाशी येऊन पलीकडे वाहून जातात. हिमकण तर त्याहून हलके. म्हणून पावसाच्या मापात वाऱ्याने येणारी तूट साधारणपणे 2 ते 10 टक्के मानली जाते, तर हिमाच्या मापात ती 50 टक्क्यांपर्यंतही जाते. जे उपकरण पाऊस मोजायला उभे केले, त्याच्याच उभे राहण्याने पाऊस हुकावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

जमिनीपासून वर जावे तसा वारा वाढतो. तेव्हा खड्डा खणून भांड्याचे तोंड जमिनीच्या पातळीत ठेवणे हाच उत्तम उपाय. पण मग आजूबाजूचे शिंतोडे उडून आत जातात. ते टाळायला भोवती जाळी बसवावी लागते. आपल्याकडील मुसळधार पावसात तो खड्डाच भरून जायचा! म्हणून भारतात पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर ठेवतात. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर राखतात. अडथळा अगदी जवळ असला तर तोच पाऊस अडवतो. अगदी उघडा माळ असला तर वारा मोकाट सुटतो. जागा निवडणे हे यंत्र बनवण्याहून अवघड काम आहे. ते न समजल्याने सोयीसाठी उंच गच्चीवर बसवलेले यंत्र हेबर्डेनच्या मनोऱ्याचीच चूक पुन्हा करते.

एक-दोन मिलिमीटरचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी मानतात, आणि पीकनुकसानीच्या भरपाईचा विचार या आकड्याशी बांधलेला असतो. जोराच्या पावसात थेंब मोठे असल्याने तूट कमी येते, हे खरे. तरीही प्रत्यक्षात 68 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला 5 टक्के वाऱ्याने नेला, तर नोंद होते 64.6. शेतात पाणी साचलेले असते, आडवे झालेले पीक कुजू लागलेले असते, आणि सकाळी साडेआठ वाजता नोंदवहीत पडलेला आकडा अतिवृष्टीच्या अलीकडेच थांबलेला असतो.