अहवालावरचा १.७

मल्लेश्वरम, बंगळुरू

चि. सोनू,

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी तुला आकडे समजावत बसले होते. अशा वेळी आकडे डोक्यात शिरत नाहीत. म्हणून हे पत्र. कागदावरचं पुन्हा पुन्हा वाचता येतं, आणि तुझ्या फ्लॅटमधल्या मैत्रिणींच्या कानावर काही जात नाही.

पहिली गोष्ट, लग्न मोडायचा विचार डोक्यातून काढून टाक. आत्या म्हणून तुझी समजूत घालत नाहीये मी. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये माझा जन्म गेला, त्या जोरावर हे लिहिते आहे. तुझ्या रिपोर्टात लाल अक्षरांत ‘एचएसव्ही-२ आयजीजी : पॉझिटिव्ह’ असं छापलंय आणि त्याच्या शेजारी १.७ हा आकडा आहे. लाल अक्षरं तू वाचलीस, मलाही तीच वाचून दाखवलीस. आकडा मी दोनदा विचारला तेव्हा कुठे सांगितलास.

तो आकडा कुठून येतो ते आधी बघ. हर्पिसचा विषाणू दोन जातींचा. पहिली, म्हणजे एचएसव्ही-१, बहुतेकांना लहानपणीच गाठते, घरातल्या कुणाच्या तरी पाप्यांतून. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात ना, ते तिचे. दुसरी जात, म्हणजे एचएसव्ही-२, मुख्यतः शरीरसंबंधातून जाते. (नागीण हा तिसराच विषाणू.) आपल्या रक्तात या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडं (आयजीजी, आयजीएम) तयार होतात आणि एलायझा चाचणी ती मोजते. दोन्ही जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या, की त्यांची बहुतेक प्रथिनं सारखीच. वेगळं ओळखता येईल असं एक प्रथिन आहे, ग्लायकोप्रोटीन जी. चांगल्या किटमध्ये तेवढंच वापरलेलं असतं. नमुन्याला जेवढा रंग चढतो त्याला किटच्या ठरलेल्या मर्यादेने भागायचं, की हा आकडा मिळतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या किटमध्ये ०.९च्या खाली निगेटिव्ह, १.१च्या वर पॉझिटिव्ह, मधलं अनिश्चित.

आता १.७ घे. तो १.१च्या वर आहे, म्हणून संगणकाने लाल अक्षरं छापली. पण १.१ ते ३ या पट्ट्यात ही चाचणी फार चुकते, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हर्पिससाठी वेस्टर्न ब्लॉट नावाची जास्त काटेकोर चाचणी करतात. तिथे एलायझाचे पॉझिटिव्ह नमुने पुन्हा तपासले, तेव्हा या खालच्या पट्ट्यातले दहातले चारच्या आसपासच खरे ठरले. ज्यांच्या रक्तात पहिल्या जातीची प्रतिपिंडं असतात, त्यांच्यात अशी फसगत अधिक. तुझ्या रिपोर्टात एचएसव्ही-१चा आकडा केवढा मोठा आहे, पाहिलास ना? म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की आकडा ३च्या खाली असेल तर वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या चाचणीने खात्री केल्याशिवाय निदान करू नये. तुझ्या रिपोर्टाखाली यातलं अक्षरही छापलेलं नाही, याचा मला संताप येतो.

त्याच्या खालची ओळ, ‘आयजीएम : बॉर्डरलाइन’, तिच्यावर काट मार. आयजीएम असलं की संसर्ग ताजा, असं कॉलेजात शिकवतात आणि पुष्कळ आजारांत ते खरंही असतं. हर्पिसमध्ये नाही. इथे आयजीएम दोन जातींत फरक करत नाही, आणि जुना संसर्ग पुन्हा डोकं वर काढतो तेव्हाही दिसू शकतं. ‘हे नुकतंच झालेलं दिसतंय’ असं तुला लॅबमधल्या ज्या मुलाने सांगितलं, त्याने ते सांगायलाच नको होतं. त्या एका वाक्यावरून तू रात्रभर काय काय विचार केला असशील, ते मला कळतं.

किट चांगलं असो की वाईट, चाचणी कुणाची केली यावरही तिचा खरेपणा ठरतो. ही गोष्ट डॉक्टर मंडळीही विसरतात. हिशेब करून बघ. समज, चाचणी शंभर संसर्गितांपैकी ९५ जणांना पकडते आणि शंभर निरोगींपैकी ५ जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. गुप्तरोगाच्या ओपीडीत फोड घेऊन आलेल्या हजार जणांची ती केली, आणि त्यांत ३०० जणांना खरोखर संसर्ग आहे, असं धरू. २८५ खरे पॉझिटिव्ह मिळतील, ३५ खोटे. तिथे पॉझिटिव्हवर विश्वास ठेवायला हरकत नाही. तीच चाचणी, तेच किट, पण या वेळी काहीही त्रास नसलेल्या, लग्न ठरलं म्हणून तपासण्यांचं पॅकेज घेतलेल्या हजार जणांवर. त्यांत संसर्ग २० जणांना असेल, तर खरे १९ आणि खोटे ४९. पॉझिटिव्ह आलेल्यांतले बहुसंख्य निरोगी! हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण असाच हिशेब मांडून अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ साली सांगितलं की लक्षणं नसलेल्यांची हर्पिससाठी सरसकट रक्तचाचणी करू नये, कारण जवळजवळ निम्मे पॉझिटिव्ह खोटे निघतील. २०२३मध्ये पुन्हा तपासून त्यांनी तेच कायम ठेवलं. आणि आपल्याकडे हीच चाचणी ‘प्री-मॅरिटल पॅकेज’मध्ये सवलतीत मिळते. सकाळी सात वाजता मुलगा स्कूटरवरून येऊन रक्त घेऊन जातो, संध्याकाळी फोनवर पीडीएफ. मधे कुणी माणूस भेटतच नाही.

तू म्हणशील, सगळ्या चाचण्या अशाच असतात का? नाही. आपल्याच देशात हे काम किती जबाबदारीने झालंय, ते तुला माहीत असायला हवं. डॉ. सुनीती सॉलोमन हे नाव ऐकलंयस? माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या प्राध्यापक होत्या. भारतात एड्स नाहीच असं सगळे छातीठोकपणे सांगत होते, तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचं रक्त तपासायचा विषय दिला. निर्मलाबाईंनी नमुने जमवले आणि घरच्या फ्रिजमध्ये जपून ठेवले. १९८६च्या सुरुवातीला ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एलायझाला नेले. सहा नमुने पिवळे झाले, म्हणजे पॉझिटिव्ह.

पुढे त्यांनी काय केलं ते नीट वाच. देशातली पहिली एचआयव्हीची नोंद हातात होती, पण त्यांनी लगेच गाजावाजा केला नाही. त्याच स्त्रियांचं रक्त पुन्हा घेतलं, ते अमेरिकेला गेलं, तिथे वेस्टर्न ब्लॉट झाला, आणि त्याने होकार दिल्यावरच राज्य सरकारने विधानसभेत सांगितलं. एका रंग बदललेल्या नमुन्यावर माणसाचं आयुष्य टांगायचं नाही, ही शिस्त आपल्या देशात एचआयव्हीच्या पहिल्या दिवसापासून आहे. आम्ही नव्याने लॅबमध्ये रुजू झालो तेव्हा त्या बातमीने भारावून गेलो होतो. त्या गायतोंड्यांच्या, मराठी घरातल्या, म्हणून मला अभिमान जरा जास्तच.

ती शिस्त आजही टिकून आहे. सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर वेगळ्या घडणीच्या किटवर दुसरी करतात, मग तिसरी. तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. नाही जुळल्या तर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. चाचणीच्या आधी समुपदेशक बोलतो, नंतरही बोलतो. या केंद्रांच्या कामाचा दर्जा तपासायला राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहेत. त्यांतली एक इथेच आपल्या निम्हान्समध्ये आहे, एक पुण्यात. २०१७च्या कायद्याने तर संमती आणि गुप्तता सक्तीची केली. हर्पिससाठी यातलं काहीच नाही. जीवघेण्या आजाराला तीन चाचण्या, आणि क्वचित फोड येऊन जाणाऱ्या विषाणूला एकच चाचणी, एकच लाल ओळ! हर्पिसने सहसा माणूस दगावत नाही, पण अशा रिपोर्टाने लग्नं मोडतात. मग त्यालाही दुसरी चाचणी नको का?

अशा रिपोर्टांनी पोळलेल्या म्हणून माझ्या डोळ्यांसमोर ज्या बाया येतात, त्या वेगळ्याच. टॉर्च नावाचा चाचण्यांचा संच आहे. नाह्मियास या शास्त्रज्ञाने १९७१च्या सुमारास हे नाव रूढ केलं, ते नवजात बाळांच्या काही संसर्गांसाठी. त्यातला ‘एच’ हर्पिसचा. आपल्याकडे तो संच वारंवार गर्भपात झालेल्या बाईला लिहून द्यायची रीतच पडली. दोनदा-तीनदा मूल गमावलेली बाई लॅबच्या बाकावर बसलेली असायची, शेजारी सासू. आयजीएम जरासं वर आलं की सासू विचारायची, हे हिला कुठून आलं? वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण त्या रक्तात सापडत नाही, हे मी जमेल त्या डॉक्टरला सांगायची. काही ऐकायचे. पण तोवर त्या बाईला घरात जे ऐकून घ्यावं लागायचं, ते कुठल्या रिपोर्टात येत नाही. तुला पुढेमागे कुणी हा संच लिहून दिला, तर आधी मला फोन कर.

आता करायचं काय. लॅबला फोन करून किटचं नाव विचार, ते सांगायला बांधील आहेत असं समजून विचार. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का आहे का बघ, आणि नुसता शिक्का नको, ही चाचणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते बघ. मान्यता चाचणीनुसार मिळते, हे लोकांना माहीत नसतं. मग वेगळ्या किटवर फक्त एचएसव्ही-२ आयजीजी पुन्हा करायची. प्रतिपिंडं पुरती तयार व्हायला बारा आठवडे लागू शकतात, म्हणून शेवटच्या संबंधानंतर तेवढा काळ गेलाय का, हे तूच मोज. मला सांगायची गरज नाही. आणि कधी फोड किंवा जखम दिसलीच, तर रक्त देत बसू नकोस. पहिल्या एक-दोन दिवसांत त्वचारोग आणि गुप्तरोगाच्या डॉक्टरकडे जाऊन जखमेतला स्वॅब दे, पीसीआरसाठी. तिथे विषाणू स्वतःच सापडतो, जातही कळते. सरकारी इस्पितळात यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे जायला लाजू नकोस.

आणि समजा, दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली. तरी तू तीच सोनू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१६ साली १५ ते ४९ वयातल्या सुमारे ४९ कोटी लोकांना हा संसर्ग होता, म्हणजे दर आठांत एकाला. बहुतेकांना पत्ताही नसतो. रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तर जोडीदाराला संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होते, कंडोमने आणखी कमी. मूल होऊ द्यायलाही अडचण नाही, प्रसूतीच्या डॉक्टरला आधी सांगून ठेवायचं एवढंच. बाळाला खरा धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच संसर्ग झाला तर.

होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का, असं विचारलंस. सांग. पण ‘मला हर्पिस आहे’ असं नको, कारण ते तुला माहीतच नाही. सांग की एका चाचणीचा आकडा शंकेच्या पट्ट्यात आलाय आणि मी ती पुन्हा करणार आहे. त्याचा रिपोर्ट ‘सगळं निगेटिव्ह’ आलाय म्हणून तू स्वतःला त्याच्यासमोर लहान करून घेऊ नकोस. निगेटिव्हलाही मुदत असते. एचआयव्हीची नव्या पिढीची लॅबमधली चाचणीसुद्धा संसर्गानंतर ४५ दिवसांपर्यंत चुकू शकते. त्याने ती कधी केली, तेही विचार. रविवारी दोघंही या, दोन्ही रिपोर्ट घेऊन. दादाला आणि वहिनीला इतक्यात काही कळवायचं नाही, आणि त्याच्या आईला तर मुळीच नाही. हा कागद तुमच्या दोघांचा आहे.

तुझी,
आत्या

ता. क. – तुमच्या पॅकेजमध्ये क्लॅमिडिया रक्तातून तपासलाय, ते निरुपयोगी. त्याची खरी चाचणी लघवीच्या किंवा स्वॅबच्या नमुन्यावर होते, ती भरवशाची आहे. हा जंतू बहुतेकदा काही लक्षण न दाखवता राहतो, बायकांच्या गर्भनलिका खराब करतो, आणि डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. चाचणी करायचीच असेल तर ती करा, दोघांनीही.