घाटांतील विजेचे मनोरे

गेल्या श्रावणांत नातवासह पुण्याहून आगगाडीनें मुंबईस जात होतों. बोरघाटांत सारे प्रवासी धबधब्यांकडे पाहत होते, नातवानें मात्र डोंगरावरील विजेचे मनोरे पाहून विचारलें, “आजोबा, हे सारे कोठें चालले?”

मी म्हणालों, “पावसाचें बळ मुंबईस पोंचवावयास!” लोणावळ्यानजीक वळवण, शिरवटा येथें अडविलेलें पाणी नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खालीं खोपोलीस उतरतें व तेथील चक्रें फिरवितें. १९१५ सालीं ही वीज मुंबईच्या कापडगिरण्यांस मिळूं लागली. त्या गिरण्या आज बहुतेक बंद पडल्या. वीजगृह मात्र चालूच आहे.

मनुष्याच्या बुद्धीचें हें कौतुक खरेंच. परंतु याच सह्याद्रींत, थोडें दक्षिणेस, मुळशीचें धरण आहे. त्यांत जमिनी जाणार म्हणून मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला; सेनापति बापटांनीं त्यापायीं कारावास सोसला. तरीहि धरण झालें, गांवें बुडालीं, आणि १९२७ सालीं भिऱ्यास वीज निर्माण होऊं लागली.

नातवास मीं मनोरे मोजावयास लाविलें. आणि घरीं दिवा लावतांना त्या बुडालेल्या घरांचीहि आठवण ठेव, असें सांगितलें.