मशीन उठवायचं कुठून?

बंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात इलेक्ट्रॉनिक्स सिटी आहे, जिगणी-बोम्मसंद्रचे कारखाने आहेत. माझ्या मनात मात्र आहे ती तिथल्या एखाद्या शाळेतली तीस संगणकांची लॅब. तिथे वेगळा सिस्टीम अ‍ॅडमिन नसतो. गणिताच्या नाहीतर विज्ञानाच्या सरांकडेच ते काम येतं. मशीन स्वतःच्या डिस्कवरून बूट करायचं की नेटवर्कवरून, हे त्या सरांकडे बघून ठरवावं.

*

1980च्या दशकात डिस्क फार महाग, म्हणून सन कंपनीची बिनडिस्कची वर्कस्टेशन्स सर्व्हरवरून उठायची. नेटवर्कवरून बूट करण्यासाठीचा बूटपी हा प्रोटोकॉल 1985चा, त्याच कामासाठीचं इंटेलचं पीएक्सई 2.1 हे 1999चं. डिस्क स्वस्त झाली तरी ही पद्धत टिकली, कारण देखभाल स्वस्त झाली नाही. सर्व्हरवरच्या इमेजमध्ये, म्हणजे सगळी मशीन जिच्यावरून उठतात त्या प्रतीत, एकदा बदल केला की तीसही मशीनना तो मिळतो. मुलांनी काही बिघडवलं तर रीस्टार्ट करायचं, झालं. याचं मोल मी कमी लेखत नाही.

*

सगळी मशीन एकदम सुरू केली तर हिशेब असा : इमेज 300 एमबी, मशीन 30, म्हणजे 9 जीबी. सर्व्हरची केबल 100 एमबीपीएसची असेल तर सेकंदाला जेमतेम 12.5 एमबी, म्हणजे बारा मिनिटं. तास चाळीस मिनिटांचा! गिगाबिट स्विचवर हेच काम सव्वा मिनिटाच्या आसपास होतं. जुना स्विच ठेवून नेटवर्क बूट करू नये.

*

पीएक्सई फायली ज्याने आणतं ते टीएफटीपी मुळात 512 बाइट पाठवतं, पोच येईपर्यंत थांबतं, मग पुढचे 512. म्हणून पीएक्सईने फक्त आयपीएक्सई हा छोटा बूटलोडर आणावा आणि मोठ्या फायली एचटीटीपीवरून घ्याव्यात.

*

पीएक्सई आपल्याला उत्तर कोण देतंय हे तपासत नाही. कुणी घरचा राउटर आणून त्याच स्विचला जोडला, तर काही मशीन त्याच्याकडून आयपी घेतात आणि बूट अडतं. दोष शोधण्यात सकाळ जाते.

*

वीज जाते आणि येते. पीसी लगेच चालू होतात, सर्व्हर मात्र अजून उठतोय; तोवर पीएक्सईची वाट बघायची मुदत संपलेली असते. एक डिस्क गेली तर एक मुलगा शेजाऱ्याच्या मशीनवर बसतो. स्विच गेला तर वर्गच बंद. माझं मत इथेच पक्कं होतं.

*

तर, रोजचं बूट छोट्या एसएसडीवरून. नेटवर्क हवं ते नव्याने इन्स्टॉल करायला : क्लोनझिला मल्टिकास्टने एकच इमेज सगळ्या मशीनना एकदम पाठवतं, सुट्टीच्या दिवशी लॅब कोरी करून मिळते. बायॉसमध्ये डिस्क आधी, नेटवर्क नंतर. एखादी डिस्क मेलीच तर ते मशीन तेवढ्यापुरतं नेटवर्कवरून चालवता येतं.

पूर्ण नेटवर्क बूटच हवं असेल, तर सरांनो, आधी सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घ्या. तेवढा खर्च मंजूर होत नसेल तर डिस्क काढू नका.